तीन पदरी खांब

अप्पा, खांब अंगणात उन्हाला उभा केलाय. तो वाळेपर्यंत मला दुसरं काम नाही, म्हणून तुमच्या कटिंगच्या फळीवर वही ठेवून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन दहा वर्षं होऊन गेली. तुम्ही होतात तेव्हाही मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. वसमतला मावशीकडे शिकत होते तेव्हा तुमचं पोस्टकार्ड यायचं, त्यात दोनच ओळी, एक माय बरी आहे म्हणून आणि दुसरी मी वेळेवर जेवते का म्हणून. मी उत्तर म्हणून शनिवारची एसटी धरून यायचे. आता तुमच्याकडं येणारी एसटी नाही, म्हणून ही वही. पाठवायचा प्रश्नच नाही. पण तोंडावर बोलायचं राहून गेलेलं एक आहे, ते कुठंतरी ठेवायला हवं.

तुम्ही काय माणूस होतात हे आठवलं की मला आधी हसूच येतं. अख्ख्या गावाचे कपडे शिवणारा माणूस, आणि कुत्र्याला भ्यायचा. खालच्या आळीला माप घ्यायला जायचं तर मला सोबत न्यायचात. मी आठ वर्षांची, आणि काठी माझ्या हातात. दुकानात कुणीही आलं तरी मशीन थांबवून उठून उभं राहायचात. गिरणीवाला काका रस्त्यावरूनच ओरडायचा, टेलर, झाली का न्हाई पँट, आणि पँट आठवडाभर आधी घडी करून ठेवलेली असली तरी तुम्ही झालीच की, झालीच, म्हणत घाईघाईनं पुन्हा इस्त्री फिरवायचात. बाजाराच्या दिवशी जवळा बाजार या गावी कापडाच्या दुकानाच्या ओट्यावर दुसरी मशीन घेऊन बसायचात, तिथंही तेच. पान नाही, तंबाखू नाही, चहासुद्धा नाही. पित्त होतं म्हणायचात, चहाचा वाससुद्धा तुम्हाला सोसायचा नाही. तुमच्या तोंडून कुणाला मोठा शब्द गेलेला मला आठवत नाही. मायच म्हणायची, ह्यांच्यापेक्षा ह्यांच्या मशीनचा आवाज मोठा.

आणि हाच माणूस वर्षातून एका संध्याकाळी नरसिंह व्हायचा. वैशाखात, नरसिंह जयंतीला, मारुतीच्या पारापुढं. आपल्या घराकडं ते आजोबांच्या आधीपासून चालत आलेलं. वेळूच्या कामट्यांचा माणसापेक्षा उंच सांगाडा, त्यावर पतंगाचा पातळ कागद खळीनं चिकटवलेला, वरून चुन्याचे आणि गेरूचे पट्टे ओढले की झाला दगडी खांब. ऊन उतरलं की तुम्ही मागच्या फटीतून आत जाऊन उकिडवे बसायचात. तोंडावर लाकडी मुखवटा, अंबाडीच्या वाखाची आयाळ, बोटांना पत्र्याची नखं. त्या दिवशी आपल्या घरात चूल पेटायची नाही. ज्याच्या घरचा देव, त्या घरानं खांब फुटेपर्यंत पाण्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, असा दंडक होता. खळसुद्धा आदल्या दिवशी शिजवून ठेवायची. बाहेर महाराज कीर्तनात प्रल्हादाची गोष्ट लावायचे. गिरणीवाला काका हिरण्यकश्यपू, पोट पुढं काढून, लाकडी गदा घेऊन. दिवस मावळता मावळता तो विचारायचा, या खांबात हाय का रे तुझा देव, आणि गदा हाणायचा. की कागद टर्रकन फाटायचा आणि तुम्ही बाहेर. ती डरकाळी कुठून यायची तुमच्यातून, अप्पा? मी मायच्या मांडीत तोंड खुपसायचे आणि एका डोळ्यानं बघायचे. काका तुमच्या मांडीवर आडवा व्हायचा, मरायचा, मग उठून तोही पाया पडायचा. बाया लेकरं तुमच्या पायावर घालायच्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच काका रस्त्यावरून ओरडायचा, टेलर, झाली का न्हाई?

दहावीची परीक्षा देऊन मी त्या उन्हाळ्यात घरी आले ती शहाणी होऊन. शाळेत विज्ञानाच्या मॅडम होत्या. त्यांनी आम्हाला रिकाम्या मुठीतून कुंकू काढून दाखवलं होतं, जिभेवर जळता कापूर ठेवून दाखवला होता, आणि मग दोन्हीमागची करामत समजावून दिली होती. मला सगळं जग उसवून हातात दिल्यासारखं झालं होतं. तुम्ही लग्नसराईच्या ब्लाउजांच्या ढिगात बसला होतात. मी दुकानाच्या उंबऱ्यात उभी राहून विचारलं, तुम्हाला लाज कशी वाटत नाही? तुम्हाला माहीत आहे तुम्ही देव नाही, लोकांनाही माहीत आहे, मग ते पाया पडतात कशाला आणि तुम्ही पडू देता कशाला? ही फसवणूक आहे, असंही म्हणाले. शब्द नवाच शिकले होते, मिरवायची हौस होती. तुम्ही मशीन थांबवली, जसे गिऱ्हाईक आल्यावर थांबवायचात तशी. रागावला नाहीत.

"फसवायचं तर समोरच्याला ठावं नसावं लागतं, बाई," तुम्ही म्हणालात. "हितं तर समद्यालाच ठावं हाय." मग सुईत दोरा ओवत, माझ्याकडं न बघता, "वर्षभर लोक कपड्याची वाट पाहतात, माझी न्हाई. त्या दिवशी आत बसलो की समदं गाव गप झालेलं आयकू येतं. यावा म्हणून. मी न्हाई, तो यावा म्हणून. पण बसलेला तर मीच असतो ना."

मला ते पटलं नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीला कुणाची वाट पाहणं म्हणजे काय ते कुठून कळणार? मी पाय आपटत घरी गेले.

त्या वर्षी लग्नं दाट होती, तुम्हाला मान वर करायला सवड नव्हती, म्हणून खांबाला कागद लावायचं काम तुम्ही माझ्यावर टाकलंत. एकच पदर लाव, म्हणालात, आणि मधोमध ब्लेडनं बारीक रेघ मारून ठेव. आता गंमत बघा. मी तिकडं फसवणूक म्हणत होते आणि इकडं मॅडमना बघायला या म्हणून आमंत्रण देऊन बसले होते. त्यांना असलं काही बघायची आवड होती. आणि मला धास्ती एकाच गोष्टीची. पारावरचा बल्ब लागला की पातळ कागदातून तुमची सावली दिसायची. उकिडवे बसलेले तुम्ही, गुडघा खाजवणारे, मुखवटा सारखा करणारे, मधेच घाम पुसणारे. गावाला त्याचं काही वाटायचं नाही. मला मात्र मॅडमपुढं ते दिसायला नको होतं. सोंग तर सोंग, निदान नीट तरी दिसावं. मी तुमच्या फळीखालचा, कटिंगचा खाकी कागद काढला. एक पदर लावला, त्यावर दुसरा, आणि सगळ्यावरून पतंगाचा. ब्लेडची रेघ मारली ती फक्त वरच्या कागदावर. दुपारपर्यंत खांब असा कडक वाळला की टिचकी मारली तर डब्यासारखा वाजायला लागला. मी खूश. माय नैवेद्याची डाळ वाटायला देवळाकडं गेली होती, तुम्ही दुकानात होतात. माझं डोकं दुखत होतं, वसमतला मला दुपारच्या चहाची सवय लागली होती. मी स्टोव्ह पेटवला आणि कपभर चहा करून घेतला. बंड म्हणून नाही हो. तलफ म्हणून. मोरीत चहापत्ती टाकली, कप विसळून पालथा घातला आणि विसरून गेले.

मॅडम आल्याच नाहीत. त्यांना एसटी मिळाली नसेल, किंवा मनातच नसेल. खांब पारावर नेणारे गडी म्हणाले, औंदा जड लागून राहिला, आणि मी दुसरीकडं बघितलं. कीर्तन रंगलं, बल्ब लागला, आणि खांबातून काहीसुद्धा दिसत नव्हतं. अगदी खऱ्या दगडाचा वाटत होता. मला वाटलं होतं लोक थक्क होतील. उलट ते चुळबुळ करायला लागले. शेजारची काकू मायच्या कानाशी म्हणाली, टेलर बसले न्हाईत का आत, दिसून न्हाई राहिले. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की इतकी वर्षं सगळं गाव तुमच्या सावलीकडंच बघत बसायचं.

काकानं प्रश्न विचारला आणि गदा हाणली. धप्प आवाज झाला. कागद फाटला नाही. पुन्हा प्रश्न, पुन्हा गदा. आतून पत्र्याची नखं खरवडल्याचा आवाज यायला लागला. तिसऱ्यांदा प्रश्न विचारताना काकाच्या आवाजात राक्षस राहिला नव्हता. तो खांबाला तोंड लावून हळूच म्हणाला, "टेलर, बरं हाय ना?" टाळ थांबले, पेटी थांबली. आतून नुसता खोकला. प्रल्हाद झालेलं लेकरू खरंखुरं रडायला लागलं.

काय झालंय हे तिथं एकट्या मलाच ठाऊक होतं. मी चार पावलांवर होते. जाऊन सांगायचं होतं की कागद जाड आहे, चाकू आणा. पण मग सगळ्यांनी विचारलं असतं, कुणी लावला, कशाला लावला. मी ओढणीचं टोक मुठीत धरून उभी राहिले. तुम्ही आत गुदमरत होतात आणि मी उभी राहिले, अप्पा. हे मी इतकी वर्षं कुणाला बोलले नाही.

कुणीतरी म्हणालं, मागच्या फटीतून ओढून काढा त्यांना. तेव्हा खालच्या आळीतली म्हातारी आजी उठली, ती दरवर्षी भिजवलेली डाळ घेऊन पुढच्या ओळीत बसायची ती. ताट खाली ठेवून खांबापुढं गेली. "मागून काहून?" म्हणाली. "तो समोरूनच येईल. ये रे बापा, लई वाट पाहिली." आणि नखांनी कागद खरवडायला लागली. मग दोन बाया उठल्या. मग गडी उठले. काकानं गदा टाकून दिली आणि दोन्ही हात घातले. दरवर्षी देव आतून खांब फोडायचा, त्या वर्षी गावानं बाहेरून फोडला. तुम्ही बाहेर आलात ते डरकाळी न फोडताच. मुखवटा तिरका झाला होता, एक डोळा देवाचा दिसत होता आणि एक तुमचा. घामानं निथळत होतात. आजीनं मुखवटा सरळ केला, पदरानं तुमची मान पुसली, किती घामाजलं माझं लेकरू, म्हणाली, आणि तोच पदर डोक्यावर घेऊन तुमच्या पायावर डोकं ठेवलं. मधे श्वाससुद्धा घेतला नाही तिनं. लेकरू आणि देव एकाच ठिकाणी असायला तिची काही हरकत नव्हती. तिच्यामागं सगळं गाव पाया पडलं. कुणी हसलं नाही. मी तेवढी पडले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर माणसं बसली. खांब आपणहून फुटला नाही म्हणजे कुठंतरी काहीतरी चुकलंय, आणि ते काय ते ठरल्याशिवाय गावाला चैन पडणार नव्हतं. शेजारच्या काकूनं सांगितलं, वाईट मनानं नाही, दिसलं ते सांगितलं, की ह्यांच्या मोरीच्या तोंडाशी ताजी चहापत्ती हाय. सगळ्यांनी मायकडं बघितलं, आणि मग मायच्या मागं उभ्या असलेल्या माझ्याकडं. तेवढ्यात तुम्ही उभे राहिलात.

"मी पिलो," म्हणालात. "डोकं दुखून राहिलं व्हतं. राहावलं न्हाई."

गिरणीवाल्या काकानं तुमच्याकडं नीट बघून घेतलं. तुमच्या दुकानासमोर त्याची हयात गेली होती. तुम्ही चहाला शिवत नाही हे त्याला काय ठाऊक नव्हतं? मग म्हणाला, "तुमी म्हणता तर पिलेच असाल." आणि तिथंच ठरलं की ज्यानं उपास मोडला त्यानं पुन्हा मुखवटा घालायचा नाही, पुढच्या वर्षापासून तो चुलत्याच्या घरी जाईल. तुम्ही मान हलवलीत. घरी येऊन पेटीतून मुखवटा काढलात, धुतलात, ऊन दाखवलंत आणि स्वतःच्या हातानं नेऊन दिलात. त्या दिवशी संध्याकाळी चुलीपुढं माय तुम्हाला विचारत होती, काहून खोटं बोललात, वास तरी चालतो का तुमाला चहाचा? मी दाराआड होते. "मी शिंपी माणूस," तुम्ही म्हणालात, "माझं उसवलं तर मी शिवून घेईन. पोरीला नाव पडलं तर ते कोण उसवणार?"

मला वाटलं होतं, चहाचं तुम्हाला कळलं, पण कागदाचं कळलं नसावं. किती खुळी होते. बोटांनी कापडाचे पदर ओळखणारा माणूस त्या खांबात इतका वेळ नखं खरवडत बसला होता. जूनमध्ये अकरावीची पुस्तकं आली. तुम्ही रात्रीतून, मला न विचारता, सगळ्यांना कव्हरं घालून ठेवलीत. जाड, तीन पदरी, आतून खाकी, वरून चुन्याचा पांढरा आणि गेरूचा लाल पट्टा. खांबाचे फाटलेले तुकडे तुम्ही जपून ठेवले होते. मी पुस्तक हातात घेतलं आणि पट्टे ओळखले. तुम्ही टिचकी मारून दाखवलीत आणि म्हणालात, "मजबूत हाय. फाटायचं न्हाई." आणि हसलात. मी तेव्हा बोलायला हवं होतं. तुम्ही दार उघडून दिलं होतंत, मी नुसतं आत यायचं होतं. मी पुस्तकं पिशवीत भरली आणि एसटी चुकेल म्हणून निघाले.

त्यानंतर तुम्हाला चहा प्यावा लागला. हे मला फार उशिरा लक्षात आलं. उपास मोडून चहा पिणारा माणूस एरवी चहाला नाही कसा म्हणेल? कुणीही कप पुढं करायचा, घ्या टेलर, आज तर उपास न्हाई ना, आणि तुम्ही हसून घ्यायचात, घोट घोट करून संपवायचात, आणि घरी येऊन पाठ भिंतीला टेकून बसायचात. सहा वर्षं. देवाचं सोंग गेलं आणि चहाचं सोंग आलं, आणि ते तर माझ्यासाठी, वर्षाला एकदा नाही, रोज. जयंतीला तुम्ही पुढच्या ओळीत आजीशेजारी बसायचात. मुखवटा आता चुलतभाऊ घालायचा, त्याच्या आयाळीला दरवर्षी नवा वाख तुम्हीच शिवून द्यायचात. खांब फुटला की पहिल्यांदा तुम्ही पाया पडायचात. मी एकदा बघितलं, तुमच्या गालावर पाणी होतं, आणि तुम्ही पुसलं नाही.

तुम्ही गेलात त्या थंडीत मी हिंगोलीहून पोचले तेव्हा तुम्हाला उचलायची वेळ झाली होती. खांद्याला चुलतभाऊ, भाचे, सगळे होते. गिरणीवाला काका तेव्हा गुडघ्यांनी पार खचलेला. लोक म्हणाले, काका, तुमी राहू द्या. त्यानं एकाला बाजूला केलं.

"वीस वर्सं त्यानं मला मांडीवर घेतलं," म्हणाला. "आज माझी पाळी."

आता मीच शाळेत विज्ञान शिकवते. मुठीतून कुंकू काढून दाखवते, कापूर दाखवते, करामत सांगते, आणि ते सांगायलाच हवं असं मला आजही वाटतं. पण एखादी पोरगी विचारते, मॅडम, मग लोक जत्रेला का जातात, सोंगाच्या पाया का पडतात, त्यांना कळत नाही का? तेव्हा मला पुस्तकातलं उत्तर देता येत नाही. मी तिला सांगते, कळतं गं, सगळं कळतं. तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. आत कोण बसलंय हे त्यांना दिसत असतं, त्याला घाम आलेला दिसत असतं. तरी सगळ्यांनी मिळून एकाची वाट पाहायची असते, आणि तो आला नाही तर हातांनी काढायचा असतो. मी फळा पुसते.

या वर्षी चुलतभावाचा फोन आला. ताई, सुट्टीला येऊनच राहिलीस तर खांब तूच लाव, हितं कुणाला जमत न्हाई. मी एकच पदर लावलाय, अप्पा. पतंगाचा, पातळ. ब्लेडची रेघ मारली, तुम्ही सांगितली होती तशी, वरपासून खालपर्यंत. मघाशी भावाला आत बसवून मायला बाहेर उभं केलं आणि विचारलं, दिसून राहिला का गं? ती म्हणाली, समदा दिसून राहिला, नाकसुद्धा.

आधी वाटलं होतं की ही पानं खांबालाच आतून चिकटवावीत, म्हणजे संध्याकाळी त्याच्याबरोबर फाटतील. मग म्हटलं नको, पदर वाढेल. वही फळीखाली राहू दे. खाकी कागद मी लावला होता, आणि चहा मी प्याले होते. एवढंच होतं. देव मी अजून मानत नाही, तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू? उपासही आता चुलत्याच्या घरचा, आपल्या घरचा नाही. पण आज सकाळपासून मी चहा घेतलेला नाही. मायनं दोनदा कप आणून ठेवला आणि दोनदा मी पित्त झालंय म्हणाले. दुसऱ्यांदा तिनं माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं आणि कप उचलून नेला. डोकं ठणकून राहिलंय.